पहारेकऱ्याची शिकवणी

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनं तपासायची आणि बरोबर निघाली तर त्यांवर शिक्का मारायचा, हे माझं काम. एकदा शिक्का बसला की त्या तराजूवर जगाने डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो. दुकानातून आणलेली साखर घरी कुणी पुन्हा मोजायला घेतली तर मला तो सबंध खात्याचा अपमान वाटतो. आमच्या हिला ही खोड आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने माझ्यादेखत साखर मोजली होती आणि ती कमी भरली होती. तराजू माझ्याच शिक्क्याचा होता. पण तो विषय वेगळा.

सांगायचं एवढंच की शिक्का दिसला की मी पुढे डोकं चालवत नाही, आणि मला याचा अभिमान होता. त्यामुळे ई-मेलवरही शिक्के मारणारं काहीतरी निघालं आहे असं समोरच्या तज्ज्ञांनी सांगितलं, तेव्हा मला आपल्याच खात्यातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

समोरचे तज्ज्ञ म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले शेजारी. नोकरीत असताना त्यांना फक्त फ्रिज दुरुस्तीतलं कळायचं. निवृत्त झाल्यापासून त्यांचं ज्ञान चौफेर वाढलं आहे. गुडघेदुखी, गळके नळ, परराष्ट्र धोरण, कशावरही ते बोलतात आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवतात. माझ्या दोन शर्टांची बटणं त्यांच्या ज्ञानापायी खर्ची पडली आहेत.

"फसव्या मेलचा नुसता सुळसुळाट झालाय," माझं तिसरं बटण धरून ते म्हणाले. "परवा माझ्या मेहुण्याला बँकेचा मेल आला. हुबेहूब बँकेचा. त्याने उघडला आणि गेलं सगळं."

"सगळं म्हणजे किती?"

"खात्यात काही नव्हतंच हो. पण अब्रू गेली ना! तुम्ही हा पहारेकरी बसवून घ्या. प्रत्येक मेल तो स्वतः आधी बघतो. चांगला असला तर हिरवी टिकली लावतो, फसवा असला तर थेट लाल टोपलीत टाकतो. आपण फक्त रंग बघायचा."

आपण फक्त रंग बघायचा! इतकं समाधान देणारं वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

आमच्या घरी ई-मेलचा पत्ता एकच आहे. पूर्वी घरात टेलिफोन एक असायचा, वर्तमानपत्र एक यायचं, तसा हा एक पत्ता माझ्या दादाने आम्हाला काढून दिला होता आणि तोच आम्ही चौघं वापरतो. चौघं म्हणजे मी, ही, कॉलेजात जाणारी लेक आणि आमच्याकडे राहणारी माझी आत्या. लेकीने एकदा स्वतःचा निराळा पत्ता काढायची भाषा केली तेव्हा मी तिला एवढंच विचारलं होतं, "का? आम्ही काय मेलो?" त्यावर ती गप्प बसली. गप्प बसून तिने तो काढला असावा, असा मला आता संशय येतो.

त्या दिवसांत या एका पत्त्याकडे आमचं सगळं लक्ष लागलं होतं. ही शाळेत गणित शिकवते. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिने तिसऱ्यांदा मुलाखत दिली होती. आधी दोनदा तिच्याहून लहान माणसं नेमली गेली, आणि दोन्ही वेळा त्यांना शाळेचं वेळापत्रक हिनेच बसवून दिलं. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती. म्हणजे झालं तर आता, नाहीतर कधीच नाही. या वेळची मुलाखत चांगली झाली असावी, कारण घरी येऊन ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. शिक्षण मंडळाचं पत्र मेलने येणार होतं. अशा वेळी दारात पहारेकरी असलेला बरा, नाही का? मी तो बसवून घेतला.

बसल्या बसल्या त्याने नम्रपणे लिहिलं: 'मला शिकवा. आपले जुने मेल दाखवा. कोणते चांगले आणि कोणते धोकादायक ते सांगा. मी आपल्याकडूनच शिकेन.'

आयुष्यात मला कुणी इतक्या आदराने 'शिकवा' म्हटलेलं नव्हतं. आमच्या कार्यालयात नवीन आलेली माणसं पहिल्या आठवड्यातच मला शिकवायला लागतात. रविवारी सकाळी मी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि शिकवणी सुरू केली.

पहिल्यांदा आमच्या इमारतीच्या अध्यक्षांची पत्रं आली. माझी स्कूटर जिन्याखाली असते, त्यावर या गृहस्थांनी जेवढं लिहिलं आहे तेवढं कुणी प्रबंधातही लिहीत नाही. ती सगळी मी धोकादायक ठरवली. मग दादाचे मेल आले. दादा रोज सकाळी एक सुविचार पाठवतो. 'संयम हाच खरा दागिना', खाली गुलाबाचं फूल, आणि त्याखाली 'किमान दहा जणांना पाठवा'. सख्ख्या भावाला धोकादायक म्हणताना माझा हात जरा अडखळला. पण सुविचारांचा ढीग पाहिला आणि हात आपोआप पुढे गेला.

माझ्यानंतर आत्या बसली. वीज कंपनीने तिच्यावर एकदा चुकीचं बिल काढलं होतं, त्यामुळे ती कंपनी तिने मुळासकट लाल केली. "मेले नुसते मागत असतात." मग एका चादरीवाल्या कंपनीचा मेल आला. 'आपण आमच्या सर्वांत लाडक्या ग्राहक आहात. आपली प्रकृती कशी आहे?' आत्याने तो दोनदा वाचायला लावला. "बघ किती गोड लिहितात! या घरात तरी कुणी विचारतं का असं?" आम्ही लगेच तिची प्रकृती विचारली, पण वेळ निघून गेली होती. चादरीवाल्यांना हिरवी टिकली मिळाली.

लेकीने कॉलेजचं 'आपल्या पाल्याची उपस्थिती' या विषयाचं जेवढं होतं तेवढं लाल केलं. मी हटकल्यावर ती म्हणाली, "बाबा, त्याची भाषाच धमकीची आहे. तुम्हीच बघा." भाषा खरोखरच बरी नव्हती. संध्याकाळपर्यंत चौघांचंही त्याला शिकवून झालं आणि पहारेकऱ्याने जाहीर केलं की तो आता तयार झाला आहे.

तो कशाला तयार झाला होता ते आम्हाला कळलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. गोड बोलेल तो सज्जन. जो काही मागेल, आठवण करून देईल किंवा चूक दाखवेल तो चोर. एवढंच तो आमच्याकडून शिकला होता. त्याला दोष कसा द्यायचा? वेगवेगळ्या तोंडांनी आम्ही चौघं आयुष्यभर हेच म्हणत आलो होतो.

पहिले काही दिवस मात्र घरात स्वर्ग अवतरला. मेल उघडावा तो हिरवागार. कुणी आमचं अभिनंदन करत होतं, कुणी आम्हाला निवडक सभासद करत होतं, कुणी नुसतीच चौकशी करत होतं. अध्यक्ष गप्प, कॉलेज गप्प, वीज कंपनी गप्प. मी कार्यालयात चहाच्या वेळी पहारेकऱ्यावर छोटंसं भाषण केलं. इमारतीतही तेच केलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "आपण बाई पत्र आलं की माणसाला फोन करून विचारतो, तूच लिहिलंस का म्हणून." काकूंना अजून बरंच शिकायचं आहे असं मला वाटलं, आणि मी ते दयेपोटी बोललो नाही.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही मेल वाचता की नुसती टिकली बघता?"

"दळण गिरणीत टाकल्यावर कुणी घरी जातं फिरवत बसतं का?" मी म्हणालो. या उत्तरावर मी दिवसभर खूश होतो.

मग एका दुपारी आमची वीज गेली. सबंध इमारतीत होती, फक्त आमची गेली. जिन्यात शिडी घेऊन एक वायरमन उभा होता. तो माझ्याशी फार सभ्यपणे बोलला, आणि अपमान सभ्यपणे झाला की तो जास्त टिकतो.

"साहेब, तीन वेळा आठवण पाठवली होती मेलवर."

"आली असती तर दिसली असती," मी म्हणालो.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी वरून सांगितलं ते तोडलं."

शेजाऱ्यांची दारं उघडली. समोरच्या तज्ज्ञांनी बाहेर येऊन वायरमनला शिडी कशी धरावी ते सांगितलं आणि मला विजेची बचत कशी करावी ते सांगितलं. वीज संध्याकाळी परत आली. त्याच आठवड्यात कॉलेजने पालकांना भेटायला बोलावलं. तिथे एका प्राध्यापकांनी मला बाकावर बसवून लेकीची उपस्थिती वाचून दाखवली. बाक लहान होता आणि माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

कुणालाही वाटेल की यानंतर मी लाल टोपली उघडून बघितली असेल. नाही बघितली. एक तर ती उघडायला गेलं की पहारेकरी विचारायचा, 'आपण धोक्याच्या जागी जात आहात. नक्की जायचे आहे का?' चांगल्या घरातल्या माणसाला असं विचारल्यावर तो परत फिरतो. आणि दुसरं, शिक्का मारलेलं वजन पुन्हा तपासायचं नसतं, हे माझं तत्त्व आड आलं. "त्यांनी नीट लिहिलं असतं तर त्यांनाही टिकली मिळाली असती," असं मी घरात सांगून टाकलं. या खुलाशावर वीज कंपनी सोडून कुणीच समाधानी नव्हतं, आणि वीज कंपनीला मी तो सांगितलेला नव्हता.

हिचं परीक्षेचे पेपर तपासणं चालू होतं. रोज संध्याकाळी गठ्ठ्यातून मान वर न करता ती विचारायची, "मंडळाचं काही आलं का हो?"

"आलं असतं तर हिरवं दिसलं असतं."

"हं," म्हणून ती पुढचा पेपर घ्यायची. तिचा माझ्यावर विश्वास होता, माझा पहारेकऱ्यावर, आणि पहारेकऱ्याचा आम्हा सर्वांवर. असा सगळा कारभार अगदी सुखात चालला होता.

गुरुवारी संध्याकाळी तो मेल आला. हिरवी टिकली लखलखत होती. 'आदरणीय महोदय,' त्यात लिहिलं होतं, 'आपल्या कुटुंबास सुख लाभो. आपल्यासाठी आलेले एक अत्यंत महत्त्वाचे पत्र जागेअभावी अडकून पडले आहे. कृपया आपला पासवर्ड देऊन ते त्वरित सोडवून घ्यावे. आपला आज्ञाधारक, टपाल विभाग.'

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अडकलं होतं तर! बिचारं मंडळाचं पत्र कुठेतरी दाराशी तिष्ठत उभं होतं आणि हा आज्ञाधारक गृहस्थ त्याची रदबदली करत होता. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एका बुटांच्या दुकानाचं नाव होतं. ते माझ्या नजरेतून सुटलं, असं कुणी समजू नये. मी ते पाहिलं. इतकंच नव्हे, टपाल विभागाला बुटांचं दुकान कशाला लागतं हाही विचार मनात आला. पण टिकली हिरवी होती. पहारेकऱ्याने या बाबीचा विचार केला नसेल का? त्याने करून झालेला विचार आपण पुन्हा करणं म्हणजे त्याच्या कामात ढवळाढवळ.

मी पासवर्ड दिला. उत्तर आलं, 'चूक'. मी पुन्हा दिला. पुन्हा 'चूक'. मग मी जुना पासवर्ड दिला, आणि त्याच भरात कार्यालयातला पासवर्डही देऊन पाहिला. शेवटी 'धन्यवाद' आलं.

"तुझं पत्र अडकलं होतं," मी आतल्या खोलीत जाऊन हिला सांगितलं. "सोडवून आलोय. सकाळपर्यंत येईल."

त्या रात्री तिने कितीतरी दिवसांनी पेपरांचा गठ्ठा लवकर बांधून ठेवला. हे आठवलं की मला अजूनही कसंतरी होतं.

शुक्रवारी सकाळी आमचं खातं आम्हालाच उघडेना. पासवर्ड बदलला गेला होता. कुणी बदलला याचा मी शांतपणे विचार करत होतो, तेवढ्यात फोन सुरू झाले. आमच्या पत्त्यावरून ओळखीच्या यच्चयावत माणसांना मेल गेला होता, की मी परदेशात अडकलो आहे, पाकीट चोरीला गेलं आहे, तातडीने पैसे पाठवा. सर्वांत आधी आमच्या कार्यालयाच्या साहेबांचा फोन आला.

"तुम्ही परदेशात आहात?"

"नाही सर, घरी. अंघोळीला निघालोय."

"मेल तर परदेशातून आलाय. मग काल हजेरीवर सही कुणाची आहे?"

त्यांना पटवून होईपर्यंत पाणी गार झालं. पण खरं दुःख वेगळंच होतं. त्या मेलवर कुणीही, अगदी कुणीही, एक पैसा पाठवला नव्हता. फसवणुकीत कुणी सापडलं नाही म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. तरीपण आयुष्यभर जोडलेल्या माणसांपैकी एकालाही आपण परदेशात उपाशी असताना पाझर फुटू नये? चादरीवाल्यांनीसुद्धा चौकशी केली नाही.

मी एक दिवसाची रजा टाकून घरीच थांबलो. दुपारी ही शाळेतून मध्येच परत आली. आल्या आल्या ती पर्स न काढता खुर्चीत बसली.

"आमच्या कारकुनाने विचारलं, बाई, तुमचं काय झालं? मंडळाची पत्रं सोमवारीच गेलीत म्हणे. मी तशीच मंडळात गेले."

"मग?"

"खिडकीवरचा माणूस म्हणाला, तुम्हाला पत्र गेलंय एवढं दिसतं. काय लिहिलंय ते इथून दिसत नाही. निवड झाली असेल तर आज पाचच्या आत त्याच मेलवरून होकार यायला हवा. नाही आला तर यंत्र आपोआप पुढच्या उमेदवाराला पत्र पाठवतं."

"अगं, पण तू समोर उभी होतीस ना? तोंडी सांगायचंस!"

"सांगितलं. तर म्हणाला, बाई, मला तुम्ही दिसताय हो, पण सिस्टिमला दिसत नाही."

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, पोराने फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं की बघतात तशी, आणि मला पहिल्यांदाच मनापासून भीती वाटली. पत्र सोमवारीच आलं होतं. कुलूप लागलेल्या घरात ते कुठेतरी पडून होतं, आणि किल्ली मी स्वतःच्या हाताने चोराला नेऊन दिली होती.

खातं परत मिळवायचं तर ई-मेलवाल्या कंपनीच्या मदत केंद्राला गाठायचं होतं. तिथे माणूस नव्हता. 'नमस्कार! मी आपली आभासी मदतनीस,' असं पडद्यावर आलं. 'ओळख पटवण्यासाठी सांगा: आपल्या लहानपणीच्या आवडत्या खेळण्याचे नाव काय?'

खातं चौघांचं, लहानपण कुणाचं? मी 'लाकडी गाडी' लिहिलं. चूक. लेकीने तिच्या कापडी हत्तीचं नाव घातलं. चूक. आत्या म्हणाली, "तिला सांग, मी लाडकी ग्राहक आहे." तिसरी संधी वादावादीत गेली आणि मदतनीस म्हणाली, 'क्षमस्व. आता नोंदवलेल्या फोनवर कोड पाठवला जाईल,' आणि तिने फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे दाखवले.

"हा तर दादांचा नंबर," ही म्हणाली.

बरोबरच होतं. खातं दादाने काढलं होतं, तेव्हा नंबरही त्याचाच, आणि खेळणंही त्याचंच असणार. मी दादाला फोन लावला.

"दादा, मी बोलतोय."

"मी कोण?"

"अरे मी! तुझा भाऊ. तुझ्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल, तो जरा सांग. फार घाई आहे."

मग दादा सावकाश बोलू लागला. "माझा भाऊ गेले कित्येक दिवस माझ्या एकाही मेलला उत्तर देत नाही. सकाळी त्याचा मेल येतो, मी परदेशात आहे, पैसे पाठव. आणि आता त्याच्या आवाजात कुणीतरी कोड मागतंय, तेही घाईत."

"दादा, अरे तुझ्यासारखा माणूस..."

"आणि आता स्तुती! सगळी लक्षणं जुळली," दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हिने फोन लावून पाहिला. तिला तो म्हणाला, "हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल होते असं मी वाचलंय. तू खरी असशील तर राग मानू नकोस. समोर या, मग बघू."

आम्ही दोघं बसने निघालो. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. ही खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा "होईल सगळं ठीक" म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला, म्हणजे मी गप्प बसावं.

दादाने दाराची साखळी न काढता फटीतून आमच्याकडे पाहिलं. "ओळखपत्र?"

मी, वजनमापे खात्याचा निरीक्षक, सख्ख्या भावाच्या दारात उभा राहून माझं सरकारी ओळखपत्र फटीतून आत सरकवलं. आतून वहिनीचा आवाज आला, "अहो, घ्या त्यांना आत!" दादा म्हणाला, "थांब गं. फोटोत याला केस आहेत."

तेव्हा ही पुढे झाली. "दादा, दार उघडा. पाचच्या आत मला होकार कळवायचाय. नाहीतर माझी जागा गेली. पुन्हा नाही मिळायची."

साखळी तत्क्षणी निघाली. दादा तसा हळवा आहे. त्याने स्वतः कॉम्प्युटर लावला, फोन आमच्याकडे पाठ करून वाचला आणि कोड स्वतःच घातला. नवा पासवर्डही त्यानेच ठरवला. आमचं घर उघडलं. आत एकही हिरवा मेल उरला नव्हता. चोराने जाताना सगळं झाडून नेलं होतं. लाल टोपलीला मात्र त्याने हात लावला नव्हता. त्यालाही पहारेकऱ्याने विचारलं असेल, आपण धोक्याच्या जागी जात आहात, नक्की जायचं का?

दादाने टोपली उघडली आणि तो थबकला. वरपासून खालपर्यंत दादाच दादा होता. सगळ्या गुलाबांपुढे लाल अक्षरांत 'धोकादायक' लिहिलेलं होतं. सर्वांत वर त्याचा कालचा मेल होता: 'फसवा मेल कसा ओळखावा? दहा जणांना पाठवा.'

"मी धोकादायक?" दादाने विचारलं.

"ते यंत्र आपोआप..." मी सुरुवात केली. वहिनीने चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरात ठेवला. त्या चहाची चव मला आठवत नाही.

"खाली घ्या ना दादा," ही म्हणाली. "अजून खाली."

अध्यक्षांची पत्रं गेली, वीज कंपनी गेली, पाल्याची उपस्थिती गेली. मग सोमवारचं ते पत्र आलं. विषय: 'मुख्याध्यापक पद'. एवढंच. ना आदरणीय, ना सुख लाभो. अगदी कोरडं, रीतसर. दादा खुर्चीवरून उठला आणि त्याने तिला बसायला दिलं. ती बसली, पण पत्र उघडेना. वर्गात साठ पोरांना धाकात ठेवणारी ही बाई विषयाची ओळच पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

"काहीही असलं तरी," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली आणि तिने उघडलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं, रंग बघितला नाही. 'आपली निवड झाल्याचे कळविण्यात येते. आपला होकार शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत याच पत्त्यावर यावा.'

दादाने मोठ्याने "शाब्बास!" म्हटलं आणि वहिनी आतून धावत आली. माझे डोळे भरले. ते मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने निस्तरले, आणि मग मला राग आला. इतकं सरळ, इतकं स्वच्छ पत्र लाल टोपलीत गेलंच कसं? पत्राखाली बारीक अक्षरांत पहारेकऱ्याने कारण लिहिलं होतं: 'या पत्त्यावरून आलेली मागील दोन पत्रे आपण धोकादायक ठरवली होती.'

"हे कार्टीचं काम," मी म्हणालो. "नाहीतर आत्याचं. कुणी केलं हे मी घरी गेल्यावर..."

"मी केलं," ही म्हणाली.

तिची नजर पडद्यावरच होती. "गेल्या दोन वेळची पत्रं होती ती. 'आपली निवड होऊ शकली नाही याचा खेद वाटतो.' ती समोर आली आणि त्याने विचारलं, हे पत्र धोकादायक आहे का? मी खूप वेळ बघत बसले. मग म्हटलं, आहे."

तिने डोळे पुसले, पाचाला अजून दहा मिनिटं असल्याचं घड्याळात पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी एकच ओळ लिहिली, 'मला हे पद स्वीकार्य आहे.' खाली नाव घातलं. ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि पाठवायचं बटण दाबलं.

पडद्यावर लाल चौकट उघडली. 'हा पत्ता आपल्यासाठी धोकादायक आहे. येथून आपल्याला यापूर्वी दोनदा त्रास झाला आहे. तरीही पाठवायचे?'

मी तोंड उघडणार होतो. तिने हात वर करून मला थांबवलं.

"माहीत आहे रे बाबा," वर्गातल्या एखाद्या काळजीखोर पोराला सांगावं तसं ती त्या चौकटीला म्हणाली, "माहीत आहे मला." आणि तिने 'तरीही पाठवा' दाबलं.